शाळेचा निकाल कोणी लावायचा?

गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यात 'गुणवत्ता' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. शाळा जिल्हा परिषदेची असो, नगरपालिकेची असो वा महानगरपालिकेची असो, तिच्याविषयी बोलताना मंत्री, अधिकारी, वृत्तपत्रे आणि पारावर बसलेली मंडळी एकाच सुरात विचारतात : 'या शाळेची गुणवत्ता काय?' उत्तरादाखल एखादा आकडा पुढे केला जातो. तिसरीतील किती टक्के मुलांना परिच्छेद वाचता आला, संकलित चाचणीत शाळेची सरासरी किती, शिष्यवृत्ती परीक्षेच्या गुणवत्ता यादीत किती नावे लागली. आकडा मोठा असला तर शाळा चांगली, लहान असला तर वाईट. वाईट ठरलेल्या शाळेतून प्रथम सुस्थितीतील घरांची मुले जातात. त्यांच्या पाठोपाठ, कर्ज काढून का होईना, त्यांच्या खालच्या थरातील मुले जातात. पट घटतो, आणि पट घटला म्हणून शाळा बंद करण्याचा प्रस्ताव येतो. मराठीत 'निकाल लावणे' या शब्दप्रयोगाला दोन अर्थ आहेत. सार्वजनिक शाळांच्या बाबतीत ते दोन्ही अर्थ आज एकत्र आले आहेत.

म्हणून ही मोजपट्टी नेमके काय मोजते, आणि आपल्या वस्तीतील प्राथमिक शाळा चांगली की वाईट हे ठरवताना समाजवादी कार्यकर्त्याने आणखी काय पाहिले पाहिजे, याचा विचार करणे अगत्याचे झाले आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रारंभीच शिकवतात की, कारखान्याचे काम मोजायचे तर बाहेर पडलेल्या मालाची किंमत पाहून भागत नाही. आत आलेल्या मालाची किंमत त्यातून वजा करावी लागते. जे उरते ती त्या कारखान्याने केलेली मूल्यवृद्धी. मुलांची तुलना मालाशी करणे अप्रशस्त आहे हे मी जाणतो. पण हिशेबाचा जो नियम आपण साखर कारखान्याला लावतो तो शाळेला मात्र लावत नाही. समजा, एका शाळेत पहिलीत येणाऱ्या मुलांना घरीच अक्षरओळख झालेली आहे, आई पदवीधर आहे, संध्याकाळी शिकवणी आहे. चौथीअखेर ती मुले शंभरांपैकी सरासरी ८० गुण मिळवतात. दुसऱ्या शाळेत वीटभट्टीवरची, पालांवरची, शेतमजुरांची मुले येतात. त्यांतील कित्येकांच्या घरी छापील कागद म्हणजे एक रेशनकार्ड. चौथीअखेर ती ५० गुणांपर्यंत पोचतात. ८० आणि ५० हे आकडे शेजारी शेजारी छापले की पहिली शाळा जिंकली. परंतु पहिल्या शाळेने मुलांना कोठून कोठे नेले आणि दुसरीने कोठून कोठे, हे कोणी विचारलेच नाही. तीन वर्षांच्या मुलाची आणि त्याच्या आईबापांची मुलाखत घेऊन प्रवेश देणाऱ्या खाजगी शाळांना हे गणित उत्तम समजत होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने अशा चाळणीला बंदी घातली. चाळणी मात्र थांबलेली नाही. तिचे काम आता फी करते.

१९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन यांच्या पथकाने सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची पाहणी करून जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात असे दिसून आले की, मुलांच्या गुणांतील फरक शाळांच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीशी आणि वर्गातील सोबत्यांच्या पार्श्वभूमीशी अधिक निगडित असतो. 'मग सरकारने शाळांवर पैसा कशाला घालावा?' असा विपर्यस्त अर्थ त्यातून काढणारे तेव्हाही निघाले आणि आजही आहेत. त्यातून निघणारा सरळ अर्थ एवढाच की, गुणांचा कच्चा आकडा शाळेपेक्षा तिच्या फाटकातून आत येणाऱ्यांची ओळख अधिक करून देतो. शिवाय सोबत्यांचा परिणाम जर खरा असेल, तर सुस्थितीतील मुले एका शाळेत आणि गरिबांची दुसऱ्या शाळेत, ही आज चाललेली वाटणी हाच गुणवत्तेवरील सर्वांत मोठा घाला ठरतो. गुणवत्तेच्या नावाने गळा काढणारे नेमके याच मुद्द्यावर गप्प असतात.

सरासरीचा आणखी एक गुण आहे. वीस मुलांचा वर्ग घ्या. पंधरा मुलांना प्रत्येकी ६० गुण आहेत, पाच मुलांना प्रत्येकी २०. वर्गाची सरासरी ५० झाली. आता ती पाच मुले चाचणीच्या दिवशी आलीच नाहीत, किंवा त्यांनी शाळाच सोडली, तर सरासरी एकदम ६० वर जाते. एकाही मुलाला एक अक्षर जास्त आलेले नाही, उलट पाच मुले गमावली. तरी शाळेची 'प्रगती' झाली! लहान शाळेत तर टक्केवारी ही केवळ करमणूक होते. तिसरीत तीन मुले असतील आणि त्यांतील एक मुलगी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेल्यामुळे चार महिने वर्गात नसेल, तर तिच्या एकटीमुळे शाळेचा निकाल शंभर टक्क्यांवरून सदुसष्टावर येतो. त्या आकड्यावरून शिक्षकाला जाब विचारणारा अधिकारी वस्तुतः साखर कारखान्याच्या गळीत हंगामाची परीक्षा घेत असतो.

आकड्याला बक्षीस वा शिक्षा जोडली की तो आकडा बिघडतो, हे डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात मांडले. आपल्याला त्यासाठी अमेरिकेत जाण्याचे कारण नाही. आपल्याकडे शिक्षकांची पदे आणि अनुदान पटसंख्येवर अवलंबून आहेत. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा हजेरीपटावर असलेली पण वर्गात नसलेली मुले फार मोठ्या संख्येने सापडली. पटाला जे झाले ते गुणांना होणार नाही, असे मानण्यास आधार नाही. तीस-पस्तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासण्यात घालवलेल्या माणसाला हे निराळे सांगावे लागत नाही.

वास्तविक हा वाद आपल्या भूमीत जुना आहे. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने अशी पद्धत सुरू झाली की, तपासनिसाने शाळेत जाऊन मुलांची वाचन, लेखन व अंकगणित यांत परीक्षा घ्यावी आणि उत्तीर्ण मुलांच्या संख्येनुसार शाळेला अनुदान मिळावे. परिणाम असा झाला की, शिक्षकांनी वाचनपुस्तके मुलांकडून घोकून घेतली. पुस्तक उलटे धरले तरी मुले धडाधड 'वाचत' असत, अशा कथा त्या काळी प्रसृत झाल्या. स्वतः तपासनीस असलेल्या मॅथ्यू अर्नोल्ड यांनी या पद्धतीवर कठोर टीका केली. १८९० च्या दशकात ती मोडीत निघाली. पण दरम्यान निकालावर अनुदान देण्याचा हा रोग मुंबई इलाख्यातही आला होता.

१८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले, त्याचा उल्लेख आपण व्यासपीठावर वारंवार करतो. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी म्हणून तो करतोही योग्य. पण त्या निवेदनात निकालाधिष्ठित अनुदानाविषयी जे म्हटले आहे त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ज्या समाजात शिक्षणाची परंपरा नाही आणि आस्थाही अजून जागी झालेली नाही, तेथील प्राथमिक शाळांना ही पद्धत मुळीच मानवणारी नाही, असे त्यांनी सांगितले. कारण स्पष्ट होते : कुणबी, महार, मांग यांच्या मुलांत काम करणाऱ्या शिक्षकाला चटकन निकाल दाखवता येणार नाही, निकाल नाही म्हणून पुरेसा पगार नाही, पगार नाही म्हणून असले काम पत्करायला कोणी पुढे येणार नाही. निकालावर पैसा दिला की पैसा आणि शिक्षक दोन्ही ब्राह्मण-वाण्यांच्या आळीकडे वळतात, हे अर्थशास्त्राचे एकही पुस्तक न वाचता जोतीरावांनी ओळखले होते. म्हणून शिक्षकाला निश्चित पगार असावा आणि तो बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, अशी त्यांची मागणी होती. शेतकऱ्याच्या घामातून आलेला सरकारी महसूल वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा आक्षेपही याच निवेदनातला. आज कोणी शिक्षकाची बढती, शाळेचा निधी किंवा शाळेचे अस्तित्व चाचणीच्या गुणांशी जोडू पाहील, तर त्याला उत्तर म्हणून आपल्याजवळ जवळपास दीड शतकापूर्वीचे हे उत्तर तयार आहे.

येथे एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. चाचण्यांवरील टीकेचा आधार घेऊन नाकर्तेपणावर पांघरूण घालण्याची सवय आपल्या काही मित्रांना लागली आहे. शिक्षक संघटनांतील आमच्या काही साथींना हे वाचून राग येईल, तर येवो. तिसरी-चौथीतील मुलाला चार ओळींची गोष्ट वाचता येत नसेल, तर त्याला समाजव्यवस्था जबाबदार आहे असे म्हणून हात झटकणे हा त्या मुलाचा दुसरा विश्वासघात आहे. श्रीमंताच्या मुलाला वाचता आले नाही तर त्याच्यासाठी शिकवणी लागते. शेतमजुराच्या मुलाला शाळा नावाची एकच जागा आहे. वाचायला शिकवणे हे शाळेचे पहिले कर्ज आहे. म्हणून मोजणी हवीच. २००५ पासून होत असलेल्या 'असर' या पाहणीची पुष्कळ बाजूंनी चिकित्सा करता येईल, पण तिची एक गोष्ट मला पटते : पाहणी करणारे मुलांना शाळेत न गाठता घरी जाऊन गाठतात. त्यामुळे त्या दिवशी गैरहजर असलेले, किंवा शाळेचे तोंडही न पाहिलेले मूल हिशेबातून निसटत नाही. मोजणी मुलाला मदत करण्यासाठी असावी आणि तिने कोणालाही वगळू नये, इतके पाळले तर चाचणीशी माझे भांडण नाही. माझे भांडण आहे ते चाचणीच्या एका आकड्याने शाळेचा निवाडा करण्याशी.

चाचणीच्या पलीकडे पाहा असे म्हटले की, आपले शासन ताबडतोब भिंती रंगवायला घेते. २०२३-२४ साली सुरू झालेले 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' हे अभियान घ्या. शाळांना निरनिराळ्या उपक्रमांसाठी गुण, त्या गुणांवर क्रमांक, क्रमांकावर बक्षीस. शाळा स्वच्छ आणि सुंदर असावी याला कोण नाही म्हणेल? पण गुणांची जागा गुणांनीच घेतली. परसबागेचे छायाचित्र काढून पाठवण्यासाठी शिक्षक वर्ग सोडून बाहेर उभा राहिला, तर बागेचे गुण मिळतात आणि वर्गाचा तास बुडतो. शिक्षणहक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढीच बाहेरची कामे शिक्षकांना सांगता येतात. माहिती भरण्याच्या कामाला त्या कलमात जागा नाही. ते काम 'शैक्षणिक'च आहे अशी समजूत करून घेऊन ते दिले जाते.

मग पाहायचे काय? माझे सांगणे असे की, कार्यकर्त्याने शाळेत जावे ते पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली उभे राहण्यासाठी नव्हे, तर नोव्हेंबर-डिसेंबरमधील कोणत्याही साध्या दिवशी, मुख्याध्यापकांना आधी कळवून, आणि दोन तास गप्प बसण्याच्या तयारीने.

पहिल्याने पाहावे ते रिकाम्या जागांकडे. आज कोण आलेले नाही आणि का, हे शिक्षकाला ठाऊक आहे काय? चांगला शिक्षक हजेरीपट न उघडता सांगतो : अमक्याची म्हैस व्याली आहे, तमकीला धाकट्या भावाला सांभाळावे लागते, ते दोघे भाऊ कारखान्यावर गेले आहेत. बीडसारख्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास मजुरांच्या टोळ्या निघतात त्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्डाची योजना आहे. शाळेने वसतिगृह वेळेवर, म्हणजे टोळ्या निघण्यापूर्वी, सुरू करून घेतले की मुले गेल्यावर? मूल परत आल्यावर त्याला वर्गाबरोबर आणण्यासाठी काय केले? एका वाड्यावरील शाळेची गुणवत्ता या दोन प्रश्नांत जितकी कळते तितकी कोणत्याही प्रश्नपत्रिकेतून कळत नाही. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे सूत्र काही नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तेथील आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी कुरणातच शाळा भरवली. तिला कुरणशाळा हे नाव पडले. आजच्या गुणतक्त्यात त्या कुरणशाळेला इमारतीसाठी शून्य गुण पडले असते.

दुसरे, चुकीकडे पाहावे. दुसरी-तिसरीच्या वर्गात ४२ वजा १७ हे उदाहरण फळ्यावर असते आणि एखादे मूल ३५ असे उत्तर लिहिते. एका वर्गात त्यावर लाल फुली पडते आणि बाई पुढच्या पाटीकडे जातात. दुसऱ्या वर्गात बाई विचारतात, 'हे कसे केलेस, सांग बरे.' मूल सांगते की, दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढले, पाच उरले. चारातून एक गेला, तीन उरले. म्हणजे मुलाला वजाबाकी येते. दशक फोडता येतो हे त्याला अजून उमगलेले नाही. मग काड्यांचा जुडगा सुटतो. चाचणीच्या कागदावर दोन्ही वर्गांत त्या दिवशी शून्यच गुण आहेत, परंतु एका वर्गात मूल गप्प बसायला शिकले आणि दुसऱ्यात विचार करायला. मुलाने चुकण्याची भीती न बाळगता हात वर करावा, हे मला प्राथमिक शाळेचे सर्वांत विश्वसनीय लक्षण वाटते. आणि हात वर करणारी मुले कोठल्या घरची आहेत तेही पाहावे. पुढच्या रांगेतील चारच मुले उत्तरे देत असतील, तर मागच्या रांगेचे आडनाव काय आहे ते विचारावे.

भाषेचा प्रश्न याला जोडूनच येतो. मेळघाटात घरी कोरकू बोलणारे, गडचिरोलीत गोंडी वा माडिया बोलणारे, नंदुरबारकडे भिली वा पावरी बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा पाठ्यपुस्तकातील मराठी त्याला परकी असते. त्याची वाचनचाचणी मराठीत घेऊन तो मागास आहे असा शेरा मारणे म्हणजे पुण्याच्या मुलाची कन्नडमध्ये चाचणी घेऊन त्याला मंद ठरवण्यासारखे आहे. शिक्षकाला मुलांच्या बोलीतील शंभर-दोनशे शब्द येतात का, मुलाला वर्गात आपल्या बोलीत बोलता येते का, हे तेथे विचारायला हवे. आमच्या शहरी सहानुभूतीदारांना हे चटकन पटते. पण तेच स्वतःच्या मुलाला घरात कोणी न बोलणाऱ्या इंग्रजीत पहिलीपासून घालतात तेव्हा हाच मुद्दा त्यांना आठवत नाही.

तिसरी जागा दुपारच्या जेवणाची. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले. खिचडीत डाळ किती आहे हे पाहावेच, पण त्याहून अधिक पंगत पाहावी. कोण कोणाशेजारी बसते? स्वयंपाक कोण करते? त्या बाईंना मुले काय म्हणून हाक मारतात आणि त्यांचे मानधन किती महिने थकले आहे? डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात एका शाळेत दलित स्त्रीने शिजवलेले अन्न खाण्यास सवर्ण मुलांनी नकार दिला, आणि तिला कामावरून कमी करण्यात आले. गवगवा झाल्यावर प्रशासनाला पाऊल मागे घ्यावे लागले. महाराष्ट्रात असे होत नाही, अशी ग्वाही देण्याची घाई कोणी करू नये. छत्रपती शाहू महाराजांनी करवीर संस्थानात १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. शाळेची गुणवत्ता म्हणजे एका बाकावर कोण कोण बसले आहे, ही व्याख्या या मातीत तेव्हापासूनची आहे. एखाद्या शाळेत सरासरी ८५ गुण आहेत, पण गावातील एका आळीची मुले तिच्यात नाहीत, तर ती शाळा चांगली शिकवणी असेल. चांगली शाळा नव्हे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आणि आतून कडी आहे का. ग्रंथपेटीतील पुस्तके कोरी करकरीत आहेत की हाताळून मळलेली. शिक्षक मुलांना नावाने हाक मारतात की आणखी कशाने. यासाठी पदवी लागत नाही.

आता बंद होऊ घातलेल्या शाळांविषयी. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांच्या कार्यालयातून समूह शाळांचे प्रस्ताव मागवणारे पत्र निघाले. वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळांची संख्या त्या वेळी १४,७८३ सांगण्यात आली. त्यांत १,८५,४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक. म्हणजे शाळेमागे सरासरी साडेबारा मुले आणि दोन शिक्षक. 'साडेबारा मुलांना दोन शिक्षक!' असे म्हणून अर्थखात्याने कपाळाला हात लावला, तर त्याला एवढेच सांगावे की, साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला किमान दोन शिक्षक असावेत ही शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातील अट आहे. ती चैन नव्हे. लहान शाळेत मुलांना सोबती कमी मिळतात, खेळाचा संघ होत नाही, हे मी नाकारत नाही. काही ठिकाणी, रस्ता चांगला आणि अंतर थोडे असेल तेथे, पालकांच्या संमतीने दोन शाळा एकत्र करणे हिताचेही ठरेल. पण समूह शाळेचे समर्थन खर्चाच्या आधारे होते तेव्हा तो हिशेब अपुरा असतो. शाळा बंद झाल्याने वाचलेला पैसा सरकारी वहीत दिसतो. ओढा ओलांडून मुलाला पोचवण्यात बुडालेला आईचा रोज, गाडी न आलेल्या दिवसाची गैरहजेरी, आणि बारा वर्षांची होताच 'आता पुरे' म्हणून घरी बसवलेली मुलगी या रकमा कोणत्याही वहीत लिहिल्या जात नाहीत. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, हा नियम डोंगरातील सहा वर्षांच्या मुलाचे पाय लक्षात घेऊनच झालेला आहे.

आणि गंमत पाहा. हाच एक किलोमीटर फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसऱ्याच कामासाठी वापरला गेला. सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खाजगी विनाअनुदानित शाळांना दुर्बल घटकांसाठीच्या २५ टक्के राखीव जागांतून सूट देणारा नियम राज्य शासनाने केला. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि जुलै २०२४ मध्ये तो रद्द केला. गरिबाच्या मुलाला श्रीमंताच्या शाळेपासून दूर ठेवायचे तेव्हा जवळची सरकारी शाळा पुरेशी असते. ती चालवण्याचा खर्च करायचा तेव्हा तीच शाळा गुणवत्ताहीन ठरते. दोन्ही भूमिका एकाच शासनाच्या आहेत.

कोठारी आयोगाने १९६६ साली परिसरशाळेची शिफारस केली : त्या परिसरातील सर्व मुले, जात-धर्म-उत्पन्न न पाहता, एकाच शाळेत. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले. समता, संख्या आणि गुणवत्ता यांच्या त्रिकोणावर त्यांनी पुढे १९७५ मध्ये पुस्तकच लिहिले. समतेला बाजूला सारून गुणवत्ता साधण्याचा मार्ग त्यांच्याही विचारात बसत नव्हता. राष्ट्रपतीचे मूल आणि शिपायाचे मूल एकाच शाळेत, ही समाजवादी चळवळीची जुनी घोषणा याच विचाराची. ती घोषणा देणाऱ्यांपैकी किती जणांची नातवंडे आज परिसरशाळेत आहेत, याची गणना पक्षाने एकदा करावी. ऑगस्ट २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने सरकारी तिजोरीतून वेतन घेणाऱ्यांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळांत घालावीत, असा निर्णय दिला होता. त्याची अंमलबजावणी झाली नाही. पण पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना तसे करण्यापासून कोणत्याही न्यायालयाने अडवलेले नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी सभेचे इतिवृत्त आधी लिहिले जाते आणि सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. आपल्या शाखांनी या समित्यांत शिरण्याआधी एक काम करावे. मुख्याध्यापकांशी बोलून, त्यांना विश्वासात घेऊन, शाळेच्या जनरल रजिस्टरमधून पाच वर्षांपूर्वी पहिलीत दाखल झालेल्या मुलांची यादी काढावी. मग एकेका नावापुढे लिहावे : याच शाळेत आहे, दुसऱ्या शाळेत गेले, कामाला लागले, लग्न झाले, ठाऊक नाही. जी शाळेत आहेत त्यांतील प्रत्येकाला एक गोष्ट वाचायला आणि एक वजाबाकी करायला द्यावी, तीही त्याच्या घरी बसून. त्याच वस्तीतील जी मुले पहिलीत दाखलच झाली नाहीत त्यांची नावे अंगणवाडीच्या नोंदीवरून शेवटी जोडावीत. नावे जाहीर करू नयेत. कोणाच्या पोराची अब्रू चव्हाट्यावर मांडायची नाही. आकडे आणि कारणे मात्र ग्रामसभेत मोठ्याने वाचावीत, आणि 'ठाऊक नाही' या रकान्यातील मुलांचा शोध कोण घेणार, हे त्याच सभेत नावानिशी ठरवून घ्यावे. वीस-पंचवीस नावांची यादी दोन कार्यकर्त्यांना चार रविवारांत पुरी करता येते. शहरात ग्रामसभा नसते. तेथे प्रभागातील पालकांची सभा शाळेच्याच आवारात बोलवावी, आणि ती संध्याकाळी सातनंतर बोलवावी, म्हणजे बांधकामावर आणि घरकामाला जाणाऱ्या आयांना येता येईल.